चौथा कोपरा

बशीरचाचांच्या दुकानाला पाटी नव्हती. शहागंजच्या त्या गल्लीत चहाच्या टपरीलासुद्धा चमचमत्या दिव्यांची पाटी होती, आणि जन्मभर लोकांची प्रमाणपत्रं, देवादिकांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो चौकटीत बसवून देणाऱ्या या माणसाचं दुकान मात्र बिनपाटीचं. कारण विचारलं की म्हणायचे, ज्याला चांगली फ्रेम पाहिजे तो विचारत विचारत येतो. पाटी वाचून येणारा नुसता भाव विचारतो. हे ऐकून मी पहिल्याच आठवड्यात भारावून गेले होते. माझं वय काही भारावायचं नव्हतं. पस्तिशी ओलांडली होती, पदरात शाळेत जाणारी मुलगी होती. पण चाचांपुढे भल्याभल्यांचं तसं व्हायचं, आणि मी काही त्याला अपवाद नव्हते.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती गिऱ्हाईक म्हणून. माझं माहेर सिल्लोडजवळचं. वडील गेले तेव्हा भावानं घाईघाईत त्यांचा फोटो फ्रेम करून घेतला होता, आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आतच त्या फ्रेमचा एक कोपरा उघडा पडला. कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं म्हणून ती पिशवीत घालून मी शहागंज गाठलं. चाचांनी फ्रेम हातात घेतली, फोटोकडे बघून आधी विचारलं, "हयात आहेत?" मी नाही म्हटल्यावर एका बारीक खिळ्यानं त्या उघड्या कोपऱ्यातून काहीतरी उकरून माझ्या तळहातावर ठेवलं. सरसात कालवलेला लाकडाचा भुसा होता तो. वर रंग फासलेला.

"याला चोरी म्हणतात," ते म्हणाले. "सांधा जमला नाही म्हणून भोक बुजवलं. बुजवलेलं कधी ना कधी उघडं पडतंच, बेटी."

मग त्यांनी माझ्या देखत नवी फ्रेम केली, आणि तेव्हा मी ते मशीन पहिल्यांदा पाहिलं. ओतीव लोखंडाचं, काळंकभिन्न, पाटाएवढं. वर एक लांब दांडा. तो ओढला की दोन धारदार पाती आडवी सरकायची. दोन्ही बाजूंना एकेक टेका. लाकूड त्याला टेकवून धरायचं. टेका बरोबर पंचेचाळीस अंशांवर अडावा म्हणून त्याच्या खाली लोखंडाचीच एकेक खुंटी. करवतीनं लाकूड मापापेक्षा चिमूटभर लांब कापायचं आणि उरलेलं या मशीनवर तासायचं. धूळ नाही, वीज नाही, कर्कश आवाज नाही. दांडा सरकला की लाकडाच्या टोकाचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा गळून पडायचा आणि कापलेली बाजू हाताला काचेसारखी लागायची. चार लाकडं, आठ काप. चाचांनी चारही कोपरे नुसते एकमेकांना टेकवले आणि मला म्हणाले, नख घालून दाखव. माझं नख कुठंच शिरलं नाही. मी तिथंच त्यांना कामाला माणूस हवंय का म्हणून विचारलं.

हवं होतं. आधीचा कारागीर आखाती देशात निघून गेला होता. तरी बाईमाणसाला ठेवायचं म्हणून चाचा दोन दिवस विचार करत राहिले, घरी चाचींना विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी मला काच पुसायला बसवलं. त्या दिवसापासून पुढं नऊ वर्षं मी त्या दुकानात होते.

चाचा उंच होते, आणि दुकान बुटकं असल्यामुळे कायम थोडे वाकलेले दिसायचे. टोपीच्या कडेला पेन्सिल. डाव्या अंगठ्याचं नख तेवढं वाढवलेलं, सांधे तपासायला. मराठी आणि दखनी दोन्ही एकाच वाक्यात नांदायच्या. प्रत्येक फोटो हातात आला की ‘हयात आहेत?’ हा प्रश्न ठरलेला. हयात माणसाला ते फिकट रंगाचं लाकूड लावायचे आणि गेलेल्याला गडद. गिऱ्हाइकानं कितीही हट्ट केला तरी यात बदल नाही. एकदा एका सुनेनं सासऱ्यांच्या फोटोला गडद फ्रेम हवी म्हणून हट्ट धरला, घरच्या सोफ्याला शोभते म्हणून. चाचांनी तिला सरळ सांगितलं, की आधी त्यांना विचारून या.

मशीन चालू असताना दुकानात कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. पापुद्रा उतरतानाचा आवाज ऐकावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. कौतुक तर कधी तोंडातून निघायचं नाही. काम चांगलं झालं असेल तर ते पुढचं लाकूड हातात द्यायचे, बास. वाईट झालं असेल तर तेच लाकूड परत द्यायचे. आणखी एक खोड होती. लग्नाच्या पत्रिका ते कधी टाकून द्यायचे नाहीत. कुणाची का असेना, ओळखीची, अनोळखी, टपरीवर पडलेली. जाड कागद दिसला की घडी करून गल्ल्याखालच्या डब्यात. मी समजत होते की फोटोच्या मागं पुठ्ठा म्हणून लावायला घेतात. कंजूष म्हणून मनातल्या मनात हसायचेसुद्धा.

एकदा एक माणूस आजोबांचा फोटो घेऊन आला. त्याला फ्रेम तासाभरात हवी होती. चाचा म्हणाले, सरस वाळायला वेळ लागतो, उद्या या. तो माणूस म्हणाला, अहो चाचा, कोपरे कोण बघतंय, हार घातल्यावर सगळं झाकून जातं. चाचांनी फोटो त्याच्या हातात परत ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आणि हार सुकल्यावर?" माणूस गोंधळला, मग हसला, आणि दुसऱ्या दिवशी आला. हा किस्सा मी किती जणांना सांगितला असेल याची मोजदाद नाही. माझ्या मुलीला तर पाठ होता. प्रामाणिकपणा शिकवायचा झाला की मी तिला चाचांचं उदाहरण द्यायचे.

मशीनला मला तिसऱ्या वर्षापर्यंत हात लावू दिला नाही. मी पापुद्रे झाडायचे, काच कापायचे, मागून खिळे ठोकायचे. मग एक दिवस त्यांनी टाकाऊ तुकडे दिले आणि दांडा दोन बोटांनी ओढायला सांगितला. दोन बोटांनीच. मूठ वळली की लाकूड केसभर सरकतं आणि कोन बिघडतो. हात हलका ठेवायचा, पातं त्याचं काम करतं. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, डोळा फसवतो. खुंटीवर ठेवायचा, खुंटी फसवत नाही. हे त्यांचं वाक्य मी नऊ वर्षांत हजारदा ऐकलं असेल. एक पावसाळा तुकडे तासण्यात गेला. आणि मग एका सकाळी काही न बोलता ते स्टुलावरून उठले आणि मला तिथं बसायची खूण केली. त्या दिवशी गुलमंडीतल्या एका कापड दुकानदाराची तसबीर मी पूर्ण केली. चाचा त्याला म्हणाले, "हिनं केलीय. हिचा हात लई हलका आहे." माझ्या तोंडावर नव्हे, त्याला उद्देशून. मी घरी जाताना जिलबी घेतली. नवऱ्यानं कारण विचारलं, तर मला ते सांगताना रडू आलं. कापूस वेचला, भाकरी थापल्या, धुणी धुतली, पण या हाताबद्दल चांगलं असं कुणी काही म्हटलेलं मला आठवत नव्हतं.

आता त्यांच्या रोजच्या सकाळबद्दल सांगायला हवं. चाचा दुकान कुणाच्याही आधी उघडायचे, पण शटर अर्ध्यावर ठेवायचे. मी लवकर पोचले तर टपरीपाशी उभं राहायचं. आतून कापडानं लोखंड पुसल्याचा आवाज यायचा, पाना फिरल्याचा यायचा, आणि शेवटी त्यांनी पुटपुटलेलं बिस्मिल्ला. मग शटर वर. तोवर मशीनला कुणी शिवायचं नाही, आणि टेके तर त्यांच्याशिवाय कुणी कधीच सैल करायचे नाहीत. मला ते फार आवडायचं. लोक देवघरात दिवा लावतात तसं चाचा मशीनची पूजा करतात असं मला वाटायचं, आणि पुढं मी ते सगळ्यांना सांगायला लागले. एका कॉलेजातली मुलं जुन्या कारागिरांची माहिती गोळा करत आली होती. त्यांना मी हे रंगवून सांगितलं, अर्धवट शटरसकट. चाचांचा चेहरा उतरला. "हे नक्को लिहू," ते लिहून घेणाऱ्या मुलाला म्हणाले. मला वाटलं, केवढा विनय.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, गुडघे गेले, आणि मुलानं दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची ठरवली. मशीनला गिऱ्हाईक होतं. एका हॉटेलवाल्याला ते दर्शनी भागात शोभेला ठेवायचं होतं आणि तो मागाल ते द्यायला तयार होता. मुलगा राजी होता. चाचा चार दिवस जेवले नाहीत, असं चाचींनी मला सांगितलं. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, मशीन तू ने. मी नको म्हटलं, एवढी ऐपत नाही म्हटलं. ते म्हणाले, विकत कोण देतंय.

त्या दिवशी त्यांनी स्वतः खाली बसून दोन्ही टेके सोडवले, पुसले, गोणपाटात गुंडाळले. मला म्हणाले, "घरी नेलं की खुंटीला टेकवायचं आणि कसायचं. दुसरं काही नाही." दोनदा म्हणाले. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर पाय मागं घेऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. टेम्पो गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ते दारात उभे होते. माहेरून निघतानासुद्धा मी एवढी रडले नव्हते.

सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी मशीन मांडलं. टेके खुंटीला टेकवले, कसले. हळद-कुंकू वाहिलं, आणि चाचांचं म्हणून बिस्मिल्लासुद्धा म्हटलं. महिन्याभरात पहिलं मोठं काम आलं. एका शाळेला सभागृहात लावायला आतापर्यंतच्या सगळ्या मुख्याध्यापकांच्या एकवीस तसबिरी हव्या होत्या. माझी मुलगी त्याच शाळेतून दहावी झालेली. आता सगळं शहर मला फ्रेमवाली म्हणून ओळखणार, असं मी धरूनच चालले होते.

पहिली फ्रेम जुळवायला घेतली. एक कोपरा मिटला. दुसरा मिटला. तिसरा जरा दाबावा लागला. चौथ्यात माझं नख आरामात गेलं.

फ्रेमच्या कामात हे असंच असतं. दोन्ही टेक्यांवरचे काप मिळून काटकोन व्हायला हवा. त्यात केसाएवढी कसर असली तर पहिल्या कोपऱ्यांत ती दिसत नाही. चारही कोपऱ्यांची कसर साठत साठत शेवटच्या कोपऱ्यात उघडी पडते. मी लाकूड बदललं. पाती काढून पुन्हा धार लावली. दांडा दोन बोटांनी ओढला, मग एका बोटानं ओढून पाहिला. चौथा कोपरा उघडा तो उघडाच. खुंटीकडे मी बघितलंसुद्धा नाही. खुंटी फसवत नाही हे मला शिकवलेलं होतं. राहिला तो माझा हात.

दोन कापलेली लाकडं पिशवीत घालून मी चाचांकडे गेले. दुकानात तोवर मोबाइलची कव्हरं लटकायला लागली होती, आणि चाचा दारातल्या खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी दोन्ही लाकडं हातात घेतली, टोकाला टोक लावलं, नख फिरवलं. त्या अंगठ्याला काय समजलं असेल ते मला आज कळतं. बराच वेळ ते त्या सांध्याकडे बघत राहिले.

"हात जड झालाय तुझा," ते म्हणाले. "घरची कामं फार करतेस. होतं असं."

मी मान हलवली. त्यांनी सांगितलं म्हणजे ते तसंच होतं. परत येताना रिक्षात मी माझ्या उजव्या हाताकडे बघत बसले होते, हात कुणा परक्याचा असल्यासारखं.

शाळेची तारीख जवळ आली. आणि मग मी ते केलं जे जन्मात करणार नाही म्हणून मुलीला सांगत आले होते. सरसात भुसा कालवला, एकवीस फ्रेमांचे एकवीस कोपरे बुजवले आणि वरून रंग दिला. मुख्याध्यापक बाईंनी पहिलीच तसबीर हातात घेतली, आणि कोपऱ्यावर सहज नख घासलं. रंगासकट भुसा टेबलावर पडला. बाई चांगल्या होत्या, आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाल्या, तुमचं नाव ऐकून बोलावलं होतं हो. एकवीसही तसबिरी मी त्याच टेम्पोतून घरी आणल्या आणि त्या खोलीचं दार लावून घेतलं.

पुढचे चार महिने मी मशीनला शिवले नाही. हाडांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी मनगट फिरवून पाहिलं, काही नाही म्हणाले, मी हट्टच धरल्यावर बांधायला पट्टा दिला. मी तो पट्टा घालून पोळ्या लाटायचे. मुलीनं एकदा पाणी मागितलं, माझ्या हातून तांब्या निसटला, आणि मी तिच्यावरच ओरडले. हात गेला असं एकदा मनानं घेतलं की तो खरंच जात असावा. तांब्या धरता येत नव्हता हे खोटं नव्हतं.

माझा नवरा भगवान वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल मोजून पास करायच्या कामावर आहे. माणूस अबोल, पण मोजायचं म्हटलं की त्याच्या अंगात येतं. एका रविवारी तो कारखान्यातलं कोन मोजायचं साधन मागून घेऊन आला आणि मला न विचारता त्या खोलीत गेला. मी स्वयंपाक करत होते. अर्ध्या तासानं हाक आली.

"हाताला कशाला बोल लावती?" तो म्हणाला. "डाव्या बाजूचा टेका अर्धा अंश तिरका हाय. ही खुंटी बघ."

मी खाली वाकून बघितलं. डावी खुंटी टोकाशी टवका उडालेली होती. टवका उडालेल्या जागी काळा रंग जाड करून फासलेला, वरून पाहिलं तर कळूच नये असा. त्याच्या फटीत कागदाचा एक चेपलेला तुकडा अडकून राहिला होता. भगवाननं तो सुईनं काढून माझ्या तळहातावर ठेवला. जाड गुळगुळीत कागद, एका कडेला सोनेरी वेलबुट्टीचं टोक. लग्नपत्रिकेचा.

मला सगळं एकदम कळलं, आणि कळलं तेव्हा मी जमिनीवरच बसले. अर्धं शटर, पाना फिरल्याचा आवाज, गल्ल्याखालचा डबा. रोज सकाळी चाचा टेका सैल करून खुंटीपाशी कागदाची नवी पट्टी सरकवत होते. दिवसभराच्या दाबानं कागद चेपायचा, म्हणून रोज नवी. नऊ वर्षं मी ज्याला पूजा म्हणत होते, मुलीला सांगत होते, कॉलेजच्या पोरांना रंगवून सांगत होते, ते भोक बुजवणं होतं. बरं, ते त्यांचं गुपित होतं, ठीक. मशीन देताना लाज वाटली असेल, तेही मी समजून घेतलं असतं. पण मी दोन लाकडं घेऊन त्यांच्यापुढं उभी होते. नख फिरवताक्षणी त्यांना कळलं होतं की कागद नाही. आणि ते माझ्या हाताला जड म्हणाले.

भगवाननं कारखान्यातून पोलादाचा कागदासारखा पातळ पत्रा आणला, मापून कापला आणि खुंटीवर कायमचा बसवला. मी एक फ्रेम केली. चौथा कोपरा मिटला, नख गेलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनगटाचा पट्टा काढून फेकला आणि तशीच शहागंजला निघाले.

चाचा खुर्चीवर होते. मुलगा आत गिऱ्हाइकाला कव्हर दाखवत होता. मी सोनेरी कागदाचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यांना तो स्पष्ट दिसला. बराच वेळ ते त्याच्याशी चाळा करत बसले, आणि मग खाली बघतच सांगितलं. ते तरुण होते तेव्हाची गोष्ट. जुनं दुकान सोडून या गल्लीत येताना मशीन हातगाडीवर होतं. दोरी बांधायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यांनी ती नीट बांधली नाही. गाडीचं चाक नालीत गेलं, मशीन रस्त्यावर पडलं. वडील पुढं चालत होते, त्यांना वाटलं नुसता आवाज झाला. चाचांनी टवका उडालेला पाहिला आणि रंग फासला. वडिलांना सांगितलं नाही, रोज त्यांच्या आधी दुकानात येऊन कागद सरकवू लागले. पुढं वडील गेले, मग कुणालाच सांगायचं राहिलं नाही.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू मला उस्ताद म्हणत होतीस," ते म्हणाले.

"आणि मी लाकडं घेऊन आले तेव्हा?"

त्यांनी तो तुकडा मुठीत झाकून घेतला. मला खरंच वाईट वाटलं त्यांचं, खोटं कशाला लिहू. एका म्हाताऱ्या माणसानं बापाला घाबरून लपवलेली गोष्ट जन्मभर रोज सकाळी लपवायची, हे काही सोपं नाही. पण मला त्याहून जास्त राग आला होता, आणि तो अजून आहे. मी त्यांना शाळेबद्दल सांगितलं, डॉक्टरबद्दल सांगितलं, तांब्याबद्दलही सांगितलं. ते ऐकत होते. मी कबुली मागायला गेले नव्हते, माफी तर नाहीच नाही. मला एकच वाक्य हवं होतं. तुझ्या हातात दोष नव्हता, एवढं. त्यांनी ते म्हटलं असतं तर मी तिथंच बसून चहा प्याले असते, आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा त्यांचे किस्से सांगत फिरले असते.

चाचांनी मुलाकडे एकदा बघितलं. तो आत गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेला होता. मग खुर्चीतून पुढं वाकून, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात ते म्हणाले, "बेटी, गल्लीत कुणाला नक्को सांगू."

मी थोडा वेळ उभी राहिले. आणखी काही येईल असं वाटत होतं. आलं नाही.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. खांदे सैल झाले, चेहऱ्यावर रंग आला. लगेच त्यांनी टपरीवाल्याला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, साखर जास्त. मी थांबले नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मागं वळून पाहिलं, तर टपरीवाला ग्लास घेऊन त्यांच्यापुढं उभा होता, आणि चाचा माझ्याकडे बोट दाखवून त्याला काहीतरी मोठ्या अभिमानानं सांगत होते. त्यांनी मला बघितलं आणि हात हलवला. एकदम मोकळं, लहान मुलासारखं हसत होते. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मातीला भगवान गेला, मी घरी बसून राहिले. शाळेच्या एकवीस तसबिरी मी नव्यानं करून, एक अक्षर न बोलता त्या बाईंना नेऊन दिल्या, आणि आज माझं काम बरं चाललं आहे. चाचांचं गुपित मी ते असेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आणि ते गेल्यावरही इतके दिवस नाही. आज ते लिहून टाकलं. लिहिल्यावर मोकळं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. एका माणसानं माझ्या शब्दावर विसंबून हसत हात हलवला होता, आणि तो शब्द मी मोडला, एवढंच झालं.